वेल्ड, बोल्ट आणि स्प्रिंग : स्ट्रक्चरल सिम्युलेशनमध्ये जोड कसे उभे करावेत

एखाद्या यंत्राच्या किंवा सांगाड्याच्या विश्लेषणात प्लेटा, पत्रे आणि नळ्या यांचे मेश करणे, म्हणजे त्यांचे नोड नावाच्या बिंदूंनी जोडलेल्या लहान तुकड्यांत (एलिमेंटांत) विभाजन करणे, हे तुलनेने सोपे काम असते. खरा विचार करावा लागतो तो हे भाग जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे. जोडाची स्टिफनेस, म्हणजे ताठपणा, चुकली की भार भलत्या वाटेने जातो, आणि मग जोडापासून लांब असलेल्या भागांतले ताणही चुकतात. मेश कितीही बारीक केले तरी ही चूक भरून निघत नाही. अनेक सॉफ्टवेअर असेंब्ली आत घेताना एकमेकांना टेकलेले सगळे पृष्ठभाग आपोआप चिकटवून टाकतात. गणित पहिल्याच फटक्यात सुटते, रंगीत चित्र पडद्यावर येते आणि त्या चिकटवलेल्या पृष्ठभागांकडे कोणी पुन्हा पाहत नाही. म्हणून कामाची सुरुवात ही आपोआप तयार झालेली कॉन्टॅक्टची, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागांच्या जोड्यांची, यादी उघडून, तिच्यातली प्रत्येक नोंद प्रत्यक्ष जोडाशी ताडून पाहण्यापासून करावी.

पहिली पायरी : जोडाकडून काय हवे ते ठरवणे

एकाच बोल्टचे मॉडेल पाच मिनिटांतही करता येते आणि पाच दिवसही लावता येतात. कोणते करायचे हे सॉफ्टवेअर नव्हे, तर आपला प्रश्न ठरवतो. संपूर्ण रचनेचे विचलन किंवा कंपनाच्या वारंवारता हव्या असतील, तर जोड योग्य जागी योग्य स्टिफनेस देतो एवढे पुरते. जोडातून किती बल जाते हे हवे असेल, तर ते बल थेट वाचता येईल असा एलिमेंट तिथे असावा लागतो. जोडाच्या आत काय चालले आहे, म्हणजे प्लेटा उघडतात का, घसरतात का, बोल्टमध्ये वाकण्याचा ताण किती येतो, हे हवे असेल तरच कॉन्टॅक्ट आणि सॉलिड (भरीव) एलिमेंट यांची वाट धरावी. जर्मन अभियंत्यांच्या व्हीडीआय २२३० या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या भागातही बोल्टच्या मॉडेलचे याच रीतीने चार वर्ग केलेले आहेत. बोल्ट मुळीच न दाखवणारे मॉडेल पहिल्या टोकाला आणि आट्यांसकट पूर्ण बोल्ट दुसऱ्या टोकाला. रोजच्या कामातले बहुतेक प्रश्न मधल्या दोन वर्गांत सुटतात, आणि आटे काढण्याची गरज क्वचितच पडते.

याच वेळी एककेही पक्की करून घ्यावीत. मिमी, न्यूटन आणि मेगापास्कल ही पद्धत घेतली तर वस्तुमान टनात येते आणि पोलादाची घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी अशी भरावी लागते. स्प्रिंगची सरळ स्टिफनेस न्यूटन प्रति मिमी आणि फिरण्याची स्टिफनेस न्यूटन-मिमी प्रति रेडियन असते. ही दुसरी किंमत अंशांत भरली गेली, तर सुमारे ५७ पटींची चूक होते आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल काहीच बोलत नाही.

वेल्ड : शेल मॉडेलमध्ये भाराची वाट

पत्र्याच्या आणि प्लेटांच्या रचना सहसा मध्यपृष्ठावर, म्हणजे जाडीच्या मधोमध असलेल्या पृष्ठावर, शेल (पातळ पत्र्याचे) एलिमेंट ठेवून मांडल्या जातात. मध्यपृष्ठ काढले की वेल्ड केलेल्या दोन प्लेटांमध्ये फट पडते. ६ मिमी आणि ८ मिमी जाडीच्या दोन प्लेटा एकमेकींवर ठेवून लॅप जॉइंट केला असेल, तर त्यांच्या मध्यपृष्ठांत ७ मिमीचे अंतर राहते. ही फट बुजवण्यासाठी एक प्लेट सरकवून दुसरीवर नेणे हा सोपा पण वाईट उपाय आहे, कारण त्या ७ मिमीच्या अंतरामुळेच जोडात वाकवणारा मोमेंट तयार होतो आणि प्लेट सरकवली की तो मोमेंट मॉडेलमधून नाहीसा होतो.

लॅप जॉइंटमध्ये आणखी एक चूक फार वेळा दिसते : एकमेकींवर आलेला संपूर्ण भाग चिकटवला जातो. प्रत्यक्षात वेल्ड फक्त कडेने असतो आणि मधला भाग नुसता टेकलेला असतो. पूर्ण भाग चिकटवल्यावर भार सगळ्या क्षेत्रफळातून पसरून जातो, वेल्डच्या रेषेवर येणारे बल कमी दिसते आणि जोड आहे त्यापेक्षा ताठ होतो. वेल्ड जिथे आहे त्या रेषेवरच जोड द्यावा, आणि प्लेटा एकमेकींवर दाबल्या जाण्याची शक्यता असेल तर मधल्या भागात साधा, उघडू शकणारा कॉन्टॅक्ट ठेवावा.

रेषेवर जोड देण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. टी जॉइंटमध्ये उभी प्लेट आडव्या प्लेटच्या मध्यपृष्ठापर्यंत वाढवून दोन्हींचे नोड एकच करता येतात. एकूण स्टिफनेस आणि बल यांसाठी हे पुरेसे आहे. लॅप जॉइंटमध्ये थ्रोटइतक्या, म्हणजे वेल्डच्या सर्वांत अरुंद छेदाइतक्या, जाडीच्या शेल एलिमेंटची एक तिरकी किंवा उभी पट्टी दोन मध्यपृष्ठांमध्ये घालता येते, आणि माझ्या मते शेल मॉडेलसाठी हीच सर्वांत प्रामाणिक पद्धत आहे, कारण तिच्यात वेल्ड हा वेगळा घटक म्हणून उरतो आणि त्यातले बल थेट वाचता येते. तिसरी पद्धत म्हणजे नोडांच्या जोड्यांना कडक दुव्यांनी बांधणे. ती लवकर होते, पण दोन्ही बाजूंचे मेश जुळलेले नसेल तर दुवे तिरपे होऊन बलांचे वाटप विस्कटते. स्पॉट वेल्डसाठी मात्र मेश जुळवण्याची गरज नसलेले खास एलिमेंट मिळतात, उदाहरणार्थ नॅस्ट्रान या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधले सीवेल्ड आणि सीफास्ट. त्यांना नगेटचा, म्हणजे वितळून एकजीव झालेल्या ठिपक्याचा, व्यास द्यावा लागतो, आणि तो माहीत नसेल तर पत्र्याच्या मिमीतल्या जाडीच्या वर्गमुळाची पाचपट हा प्रचलित अंदाज आहे, १.५ मिमी पत्र्याला तो साधारण ६ मिमी येतो.

वेल्डमधला ताण : टोकाचा आकडा वाचू नये

वेल्डचा टो, म्हणजे वेल्ड प्लेटला येऊन मिळतो ती कड, ही तीक्ष्ण कोपऱ्याची जागा असते. रेखीय विश्लेषणात अशा कोपऱ्यावरचा ताण मेश बारीक करत गेले की वाढतच जातो आणि कुठेच थांबत नाही. त्यामुळे टोवरच्या एलिमेंटमधला सर्वांत मोठा आकडा उचलून तो पोलादाच्या यील्डशी (कायमचे वाकू लागण्याच्या ताणाशी) ताडण्याला अर्थ नसतो. तो आकडा रचनेपेक्षा एलिमेंटच्या मापावर जास्त अवलंबून असतो.

स्थिर भारासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वेल्डच्या रेषेवरच्या नोडांची बले काढून त्यांचे न्यूटन प्रति मिमीमध्ये रूपांतर करणे आणि त्यांना थ्रोटने भागणे. नोडांची बले समतोलातून येतात, म्हणून ती मेशच्या मापाने फारशी हलत नाहीत. एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. १५० मिमी उंचीचा ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी ६ मिमी लेगच्या (बाजूच्या) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातल्या त्रिकोणी, वेल्डने उभ्या प्लेटला जोडला आहे आणि वेल्डपासून २०० मिमीवर २० किलोन्यूटन भार खाली लोंबतो आहे. मोमेंट ४० लाख न्यूटन-मिमी होतो. दोन रेषांचा मिळून सेक्शन मॉड्युलस १५० चा वर्ग गुणिले २ भागिले ६, म्हणजे ७,५०० चौरस मिमी. त्यावरून वरच्या टोकाला वाकण्यामुळे ५३३ न्यूटन प्रति मिमी बल येते. शिअरमुळे (कातरबलामुळे) २०,००० भागिले ३००, म्हणजे ६७ न्यूटन प्रति मिमी. या दोन्हींचे परिणामी बल ५३७ न्यूटन प्रति मिमी. थ्रोट ६ च्या ०.७०७ पट, म्हणजे सुमारे ४.२ मिमी, आणि ताण साधारण १२८ मेगापास्कल. युरोकोड या युरोपीय मानकाच्या सोप्या पद्धतीने एस२३५ पोलादाच्या फिलेट वेल्डची डिझाइन मर्यादा २०८ मेगापास्कलच्या आसपास येते, तेव्हा हा वेल्ड चालतो. मॉडेलमधून काढलेले बल या हिशेबाच्या जवळपास यावे. ते दुप्पट किंवा निम्मे आले, तर आधी मॉडेलमधला जोड तपासावा, कारण अशा वेळी चूक सहसा तिथेच निघते. मागची प्लेट लवचीक असेल तर टोकांच्या आणि मधल्या बलांचे वाटप हातच्या हिशेबापेक्षा वेगळे दिसणे स्वाभाविक आहे, आणि ते वाटप दाखवणे हेच सिम्युलेशनचे काम आहे.

फटीगचा, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने तडा जाण्याचा, प्रश्न असेल तर वेगळी शिस्त लागते. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींमधली हॉट-स्पॉट पद्धत प्लेटच्या पृष्ठभागावरचा ताण टोपासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर वाचायला सांगते. पहिल्या किमतीला १.६७ ने गुणून त्यातून दुसरीची ०.६७ पट वजा केली की टोवरचा स्ट्रक्चरल ताण मिळतो. प्लेट १० मिमी असेल तर ४ मिमी आणि १० मिमी या दोन जागा झाल्या; तिथे ताणाची कक्षा १८० आणि १५० मेगापास्कल असेल, तर हॉट-स्पॉट किंमत २०० मेगापास्कल येते. भार वाहणाऱ्या फिलेटसाठी फॅट ९० हा वक्र वापरला, म्हणजे २० लाख आवर्तनांना ९० मेगापास्कल आणि उतार ३, तर आयुष्य सुमारे १ लाख ८२ हजार आवर्तने निघते. या वाचनबिंदूंवर नोड यावेत अशा रीतीने मेश आधीच आखून घ्यावे. मागाहून दोन नोडांच्या मधली किंमत अंदाजाने काढण्यात अचूकता जाते. शेल मॉडेलमध्ये वेल्ड दाखवलाच नसेल, तर अंतरे टोऐवजी दोन मध्यपृष्ठांच्या छेदरेषेपासून धरावीत, म्हणजे ताण कमी दिसण्याचा धोका टळतो.

ही पद्धत टोपासून सुरू होणाऱ्या तड्यासाठी आहे, हे लक्षात असू द्यावे. अर्धवट पेनिट्रेशनच्या (पूर्ण जाडीत न उतरलेल्या) वेल्डमध्ये तडा रूटपासून, म्हणजे वेल्डच्या आतल्या मुळापासून, निघून थ्रोटमधून बाहेर येऊ शकतो, आणि बाहेरून तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हॉट-स्पॉटचा ताण त्याबद्दल काहीही सांगत नाही. म्हणून वर काढलेला थ्रोटचा ताण फॅट ३६ या वक्राशी स्वतंत्रपणे ताडलाच पाहिजे. वेल्डिंगमुळे उरलेले अंतर्गत ताण मात्र नेहमीच्या विश्लेषणात वेगळे घालू नयेत. हे वक्र वेल्ड केलेल्या नमुन्यांच्या चाचण्यांवर आधारलेले असल्याने त्यांचा परिणाम आकड्यांत आधीच धरलेला असतो.

बोल्ट : प्रीलोडशिवाय जोडाला अर्थ नाही

घट्ट आवळलेला बोल्ट बाहेरचा भार एकटा घेत नाही. आवळताना बोल्टमध्ये आलेल्या ओढीमुळे, म्हणजे प्रीलोडमुळे, प्लेटा दाबल्या जातात, आणि बाहेरून ओढ आली की तिचा मोठा भाग प्लेटांमधला दाब कमी होण्यात खर्च होतो, थोडाच भाग बोल्टवर वाढतो. हे वाटप बोल्टची स्टिफनेस आणि प्लेटांची स्टिफनेस यांच्या गुणोत्तरावर ठरते. पोलादी प्लेटांच्या नेहमीच्या जोडात बोल्टवर वाढणारा हिस्सा साधारण पाचवा भाग धरला, तर पुढचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

एम१२ (१२ मिमी व्यासाचा), ८.८ दर्जाचा बोल्ट घेऊ. त्याचे ताणाचे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिमी आणि प्रूफ ताण (कायमचा न ताणता बोल्ट सोसतो तो ताण) ५८० मेगापास्कल, म्हणून प्रूफ भार ४८.९ किलोन्यूटन. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ३६.७ किलोन्यूटन, हा प्रीलोड. नट फॅक्टर (घर्षणाचा हिशेब धरणारा गुणक) ०.२ धरल्यास त्यासाठी सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आता बाहेरून ० ते १० किलोन्यूटन असा बदलता भार येतो. प्रीलोड असलेल्या जोडात बोल्टमधले बल फक्त २ किलोन्यूटनने बदलते आणि ताणाचा ॲम्प्लिट्यूड (चढउताराचा निम्मा भाग) १२ मेगापास्कलच्या आसपास राहतो. प्रीलोड न दाखवलेल्या मॉडेलमध्ये पूर्ण १० किलोन्यूटन बोल्टमधूनच जातात आणि ॲम्प्लिट्यूड ५९ मेगापास्कल येतो. उष्णतोपचाराआधी आटे पाडलेल्या एम१२ बोल्टची फटीग मर्यादा व्हीडीआय २२३० च्या सूत्राने ४९ मेगापास्कल येते. म्हणजे एकाच बोल्टबद्दल एक मॉडेल "भरपूर सुरक्षित" म्हणते आणि दुसरे "तुटेल" म्हणते. दुसरे मॉडेल सैल राहिलेल्या बोल्टचे खरे चित्र आहे, हेही तितकेच महत्त्वाचे.

बीम, म्हणजे रेषेसारखा एलिमेंट, वापरून बोल्ट उभा करण्याचा क्रम असा. बोल्टच्या अक्षावर योग्य व्यासाचा बीम ठेवावा. त्याची दोन टोके डोके आणि नट यांच्याखालच्या वॉशरएवढ्या गोल पट्टीतल्या नोडांना बांधावीत. एम१२ साठी ही पट्टी भोकाच्या कडेपासून २४ मिमी बाह्य व्यासापर्यंत येते. ही बांधणी कडक असावी, नॅस्ट्रानच्या भाषेत आरबीई२. सरासरीने बल वाटणारी आरबीई३ ही भार लावण्यासाठी उत्तम आहे, पण ती स्वतःची स्टिफनेस देत नाही, त्यामुळे डोक्याखाली वापरल्यास जोड प्रत्यक्षापेक्षा मऊ होतो. उलट आरबीई२ च्या कडेला लागून असलेल्या एलिमेंटच्या पहिल्या ओळीतले ताण कृत्रिम असतात. ते अहवालात घेऊ नयेत. प्लेटा सॉलिड एलिमेंटच्या असतील तर बीमचे टोक एकाच नोडला जोडून चालत नाही, कारण सॉलिडच्या नोडला फिरण्याचे स्वातंत्र्य नसते आणि बोल्ट तिथे बिजागरीसारखा मोकळा फिरतो.

यानंतर दोन प्लेटांमध्ये घर्षणासह कॉन्टॅक्ट द्यावा. कॉन्टॅक्ट नसेल तर प्रीलोड लावून उपयोग नाही, कारण दाब घेणारे दुसरे कोणी नसते आणि प्लेटा एकमेकींत घुसतात. प्लेटा चिकटवलेल्या असतील तर त्याहून वाईट : प्लेट वाकून कडेला टेकते आणि तिच्या तरफेने बोल्टवर जादा ओढ येते, तो प्राइंगचा परिणाम मॉडेलमध्ये उमटतच नाही.

भार पायऱ्यांनी लावावा. पहिल्या पायरीत प्रीलोड बल म्हणून द्यावा, दुसरीत बोल्टची त्या क्षणाची लांबी गोठवावी आणि तिसरीत बाहेरचा भार आणावा. दुसरी पायरी गाळली आणि प्रीलोड बल म्हणूनच चालू ठेवला, तर बाहेरचा भार कितीही आला तरी बोल्टमधले बल हलत नाही, आणि वर सांगितलेला पाचवा हिस्सा दिसण्याऐवजी शून्य दिसतो. ॲन्सिस, अबॅकस आणि इतर प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार सोय आहे. पहिल्या पायरीअखेर बोल्टमधले बल आणि प्लेटांमधल्या कॉन्टॅक्टचे एकूण बल दोन्ही ३६.७ किलोन्यूटन आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिल्याच पायरीत गणित न सुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अजून न टेकलेला, मोकळा तरंगणारा एखादा भाग. त्याला अगदी मऊ स्प्रिंगांनी तात्पुरते धरावे, आणि शेवटी त्या स्प्रिंगांमधले बल एकूण भाराच्या एक टक्क्याच्याही आत आहे याची खात्री करावी. टॉर्कने आवळलेल्या बोल्टचा प्रीलोड वंगण आणि पृष्ठभाग यांनुसार २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून विश्लेषण दोनदा करावे : कमी प्रीलोड धरून प्लेटा घसरतात किंवा उघडतात का ते, आणि जास्त प्रीलोड धरून बोल्टची ताकद पुरते का ते. घसरण्याचा हातचा हिशेब सोपा आहे, ०.२ घर्षणांकाला वरच्या बोल्टची एका पृष्ठभागावरची धारणशक्ती ७.३ किलोन्यूटन येते.

सॉलिड बोल्टची वेळ आलीच, तर आट्यांचा भाग १०.४ मिमी व्यासाचा साधा दंडगोल म्हणून दाखवावा, कारण तेवढ्या व्यासातून ८४.३ चौरस मिमी क्षेत्रफळ मिळते, आणि नट त्याला चिकटवावा. त्या चिकटवलेल्या जागेतला ताण वाचायचा नाही.

स्प्रिंग

प्रत्यक्ष वेटोळ्याची स्प्रिंग रचनेत असेल तर तिचे सॉलिड मेश करण्याची गरज बहुधा नसते. एक स्प्रिंग एलिमेंट आणि सूत्रातून काढलेली स्टिफनेस पुरते. तार ४ मिमी, मध्य व्यास ३२ मिमी, कार्यरत वेटोळी ८ आणि शिअर मॉड्युलस ७९,००० मेगापास्कल असेल, तर तारेच्या व्यासाचा चौथा घात गुणिले शिअर मॉड्युलस, भागिले ८ गुणिले मध्य व्यासाचा घन गुणिले वेटोळी, यावरून ९.६ न्यूटन प्रति मिमी मिळतात. २०० न्यूटनला स्प्रिंग सुमारे २१ मिमी दबते, आणि वाहलच्या (तारेच्या वक्रतेसाठीच्या) सुधारणेसह तारेतला शिअर ताण ३०१ मेगापास्कल येतो. वेटोळी एकमेकांना टेकण्याचा संभव असेल तर सरळ स्टिफनेसऐवजी बल आणि विचलन यांचा वक्र द्यावा, आणि तो शेवटी झपाट्याने चढता ठेवावा. कंपनाच्या विश्लेषणात स्प्रिंगच्या वस्तुमानाचा तिसरा भाग हलत्या टोकाला जोडावा.

स्प्रिंग एलिमेंटमधला खरा धोका दिशेचा आहे. एकाच दिशेतली साधी स्प्रिंग दोन वेगवेगळ्या जागांवरच्या नोडांमध्ये लावली आणि तिची दिशा त्या नोडांना जोडणाऱ्या रेषेत नसली, तर दोन टोकांची बले एका रेषेत येत नाहीत आणि कुठूनही न आलेला मोमेंट मॉडेलमध्ये शिरतो. नॅस्ट्रानमध्ये सीइलास या साध्या स्प्रिंगऐवजी सीबुश हा एलिमेंट वापरण्याचे हेच कारण आहे. दोन्ही नोड एकाच जागी असतील तर दिशा ठरवणारी अक्षपद्धती हातानेच द्यावी लागते.

जोड कडक दाखवण्यासाठी १० चा पंधरावा घात अशी स्टिफनेस भरू नये. समीकरणांचा समतोल बिघडतो. आजूबाजूच्या भागाच्या स्टिफनेसच्या शंभर ते हजार पट पुरे असते. ज्या दिशांना काहीच धरायचे नाही तिथे शून्य ठेवताना तो नोड दुसरीकडून धरलेला आहे ना, हे पाहावे. स्प्रिंगचे टोक शेलच्या एकाच नोडला लावले तर तिथे खळगा पडून मॉडेल उगाच मऊ होते. टोक पायाएवढ्या क्षेत्रावर पसरावे.

तपासणी

पूर्ण मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक प्रकारच्या जोडाचे एक छोटे मॉडेल करावे : दोन प्लेटा, एक बोल्ट, ज्ञात भार. उत्तर हातच्या हिशेबाशी जुळले की तीच मांडणी मोठ्या मॉडेलमध्ये जशीच्या तशी न्यावी. मोठ्या मॉडेलमध्ये आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराशी जुळते का पाहावे आणि आधार काढून पहिल्या सहा वारंवारता शून्याजवळ येतात का तेही पाहावे; सातवीही शून्याजवळ आली, तर कुठला तरी भाग सुटा राहिला आहे. मग ज्या स्टिफनेसबद्दल खात्री नाही ती निम्मी आणि दुप्पट करून पुन्हा चालवावे. उत्तर पाच टक्क्यांनीच हलले तर तो जोड आहे तसा सोडावा, आणि तीस टक्क्यांनी हलले तर चाचणीचा खर्च त्या जोडावरच करावा. जोडाचा प्रकार, दिलेली स्टिफनेस, प्रीलोड, घर्षणांक आणि ताण कुठे वाचला आहे, या पाच गोष्टी अहवालातल्या प्रत्येक जोडासमोर लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे पुढे मॉडेल हाती घेणाऱ्याला त्या पुन्हा शोधाव्या लागणार नाहीत.